डाव सगळ्यांचा, पण खेळी कुणाची?

नाशिक जिल्ह्यातल्या एका वाचक मैत्रिणीचं लांबलचक पत्र आलं आहे. घरात पाच माणसं: त्या, त्यांचे पती, १३ वर्षांची मुलगी, ८ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. सुटीच्या संध्याकाळी मोबाइल बाजूला ठेवून सगळ्यांनी एकत्र खेळायचं, असं त्यांनी मनावर घेतलं. लुडो झाला, कॅरम झाला, व्यापार झाला, पण शेवट दर वेळी रडारडीत. दिवाळीच्या सुटीत मुंबई विकायची वेळ आली म्हणून मुलाने व्यापाराचा अख्खा पटच उधळला. मग कुणीतरी सुचवलं म्हणून त्यांनी 'पँडेमिक' मागवला. यात खेळणारे सगळे एका बाजूला आणि जगभर पसरणारे रोग दुसऱ्या बाजूला. जिंकले तर सगळे, हरले तर सगळे. भांडणं खरंच थांबली. पण त्या लिहितात: "आता सगळ्यांच्या खेळी आमचे हेच सांगतात. मुलगा फक्त सोंगटी सरकवतो. मुलगी 'मग तुम्हीच खेळा ना' म्हणून खोलीत निघून जाते. सासूबाईंना पत्त्यांवरचं इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून मी शेजारी बसून वाचून दाखवते. सोपं खेळण्यात काय मजा, म्हणून पहिल्या दिवसापासून सहाही एपिडेमिक पत्ते घालून खेळतो आणि बहुतेक वेळा हरतो. मागच्या वेळी हे मुलाला म्हणाले, 'तू चेन्नई साफ केली असतीस तर वाचलो असतो.' व्यापारात हरल्यावर रडला नव्हता इतका तो त्या दिवशी रडला. दीर म्हणतात, असले खेळ खेळून मुलं हरायला शिकत नाहीत, पुढे स्पर्धेत कशी टिकणार? मी चुकीचा खेळ आणला का? की आमच्या घरालाच एकत्र खेळता येत नाही?"

ताई,

शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं आधी देते, कारण तुम्हाला तेच टोचताहेत. खेळ चुकीचा आणलेला नाही. घरातही काही बिघडलेलं नाही. तुमच्या घरी जे घडतंय ते सहकारी खेळ पहिल्यांदा मांडणाऱ्या कितीतरी घरांत घडतं, आणि त्याचं कारण थोडं खेळाच्या रचनेत असतं, थोडं आपल्या सवयींत.

व्यापारात जिंकतो कोण, यावरून वाजतं. पँडेमिकने तो प्रश्नच काढून टाकला. तो गेल्यावर त्याच्याखाली दडलेला दुसरा प्रश्न वर आला: ठरवायचं कुणी? हा प्रश्न प्रत्येक घरात असतो. सहलीला कुठे जायचं, टीव्हीवर काय लावायचं, मुलीने कुठला क्लास लावायचा, हे सगळं कुणीतरी ठरवतं आणि बाकीचे 'बरं' म्हणतात. रोजच्या धावपळीत ते कुणाच्या लक्षात येत नाही. खेळात मात्र दर पाच मिनिटांनी एक निर्णय घ्यावा लागतो, तोही सगळ्यांसमोर, त्यामुळे ते लख्ख दिसायला लागतं.

तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, तिच्याबद्दल मला आधी बोलायचंय. भांडण थांबलं म्हणजे जमलं, असं तुम्ही धरून चालला आहात. पट उधळणं चांगलं नाही, हे तर झालंच. पण तो उधळला तेव्हा तुमचा मुलगा त्या डावात पुरता बुडालेला होता. मुंबई त्याची होती, तो निर्णय त्याचा होता, नुकसान त्याचं होतं. आज तो शांत बसून सांगितलं तिथे सोंगटी नेतो. लिंबूटिंबू करून ठेवलाय त्याला. ती शांतता पाहून मला त्याची जास्त काळजी वाटली. आणि मुलीचं खोलीत निघून जाणं मला उद्धटपणा वाटत नाही. जे चाललंय ते तिला बरोबर समजलंय आणि तिने ते एका वाक्यात सांगितलंय.

आता खेळाच्या रचनेकडे वळू. 'पँडेमिक' हा मॅट लीकॉक या अमेरिकी रचनाकाराचा खेळ २००८ साली आला. पटावर ४८ शहरं, चार रंगांचे चार रोग. आपल्या पाळीला चार कृती करायच्या, मग दोन पत्ते उचलायचे, मग रोग आणखी पसरतात. यात लपवलेलं असं फारसं काही नसतं. पट सगळ्यांसमोर, आणि बहुतेक घरांत हातातले पत्तेही उघडेच ठेवून खेळतात. म्हणजे ज्याला चार पावलं पुढचं दिसतं, असा एक माणूस सगळ्यांच्या वतीने अख्खा डाव एकटा सोडवू शकतो. जगभरच्या खेळणाऱ्यांत ही तक्रार इतकी जुनी आहे की तिला 'अल्फा प्लेअर'ची अडचण असं नावच पडलंय. तेव्हा मुलांच्या बाबांना एकट्याला दोष देऊ नका. खेळच त्यांना मोहात पाडतो.

त्यात तुम्ही सहा एपिडेमिक पत्ते घातलेत. नियमपुस्तिकेत चार पत्ते नवख्यांसाठी सांगितलेत, पाच सरावलेल्यांसाठी आणि सहा मुरलेल्यांसाठी. असा एक पत्ता निघाला की नव्या शहरात रोगाचे एकदम तीन ठोकळे पडतात, आणि आधी बाधित झालेल्या शहरांचे पत्ते पिसून पुन्हा गड्डीवर येतात, म्हणजे तीच शहरं परत परत झोडपली जातात. सहा पत्त्यांच्या डावात चुकीला जागाच उरत नाही. आठ वर्षांच्या मुलाने एक पाळी वाया घालवली तर सगळे बुडतात. अशा वेळी ज्याला उत्तर दिसतंय तो माणूस गप्प कसा बसेल? म्हणून पहिली गोष्ट अगदी सोपी: दोन पत्ते काढून खोक्यात ठेवा. "सोपं खेळण्यात काय मजा" असं ते म्हणतील. त्यावर सांगा, की हे मुलाची चूक डावाला पचावी म्हणून आहे. त्याने चेन्नई सोडून आपल्याला हवं तिथे जावं, ते चुकावं, आणि तरीही डाव चालू राहावा, एवढी सैल जागा डावात हवी.

पोळी लाटायला शिकणाऱ्या मुलाच्या हातातून लाटणं काढून घेतलं तर पोळी गोल होते, पण ती त्याची नसते, आपली असते.

त्याच नियमपुस्तिकेत आणखी एक नियम आहे, तो मुलांच्या बाबांना आवर्जून वाचायला द्या. खेळात प्रत्येकाला एका भूमिकेचा पत्ता मिळतो, त्यातली एक भूमिका 'डिस्पॅचर'. तिला दुसऱ्याची सोंगटी स्वतःची असल्यासारखी हलवता येते. पण ज्याची सोंगटी आहे तो हो म्हणाला तरच. लीकॉक यांनी खेळात हुकूमत चालवण्याची सोय ठेवली आणि तिथेच परवानगीची अटही घातली. तुमच्या घरात प्रत्यक्षात बाबा दर डावाला डिस्पॅचर असतात, मग पत्ता कुठलाही येवो. तर ती भूमिका त्यांना खरोखरच देऊन टाका. मग विचारावं लागेल: "तुझी सोंगटी दिल्लीला नेऊ का?" आणि आठ वर्षांच्या मुलाला "नको" म्हणता येईल. त्याचं पहिलं "नको" ऐकलंत की सगळ्यांनी ते मानायचं, त्यात डाव गेला तरी.

बाकी वेळेसाठी घरचा एक नियम करा. ज्याची पाळी तो आधी बोलेल: मला काय दिसतंय, मला काय करावंसं वाटतंय. त्याने विचारलं तरच इतरांनी सांगायचं. आणि एकदा खेळी झाली की "मी म्हटलं होतं ना" हे वाक्य त्या संध्याकाळी कुणीच उच्चारायचं नाही. हा नियम मुलीला मोठ्या अक्षरांत लिहायला सांगा आणि खोक्याच्या झाकणाला आतून चिकटवा, म्हणजे आठवण करून द्यायची वेळ आली तर बोट झाकणाकडे दाखवता येतं, बाबांकडे नाही.

यांच्याशी बोलायचं कसं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण सगळं तिथेच अडतं. मुलांसमोर बोलू नका. हरल्या संध्याकाळी तर नकोच. एरवी कधीतरी दोघंच असताना बोला, आणि सुरुवात त्यांच्या चांगल्या बाजूने करा, कारण ती खरी आहे. सुटीच्या दिवशी फोन बाजूला ठेवून तास-दीड तास मुलांबरोबर जमिनीवर बसणारे बाबा सगळ्या घरांत नसतात. ते सगळ्यांना जिंकवायला धडपडतात, त्यामागे मायाच आहे. म्हणा, "अहो, तुम्ही बसता म्हणून मुलं बसतात. पण त्याची खेळी त्याला करू द्या. चुकली तर चुकली, पुन्हा मांडू." शेवटचे दोन शब्द महत्त्वाचे. पँडेमिकचा डाव पाऊण तासात आटोपतो. पुन्हा मांडता येतो. चेन्नई खरी नाही.

आणि ते चेन्नईचं वाक्य. ते मुलाला इतकं का लागलं असेल? व्यापारात तो हरला तेव्हा स्वतःपुरता हरला. इथे त्याला कळलं की आई, बाबा, ताई, आजी, सगळे आपल्यामुळे हरले. मोठ्या माणसालाही हे झेपत नाही. सहकारी खेळात हरण्याचं ओझं वाटून घेतलं जातं असं आपण म्हणतो, पण बोट दाखवलं की तेच ओझं एकाच्या डोक्यावर जातं. त्यामुळे हरल्यावर पहिली काही मिनिटं कुणाच्याही खेळीबद्दल बोलू नका. पत्त्यांबद्दल बोला: कुठलं शहर तीन वेळा निघालं, कुठला रंग शेवटपर्यंत आलाच नाही. खेळात नशिबाचा वाटा मोठा आहे आणि तसं म्हणणं खोटंही नाही. मग यांनीच स्वतःची एखादी खेळी काढावी: "मी इथे उगाच थांबलो, औषध आधी शोधायला हवं होतं." बाबा स्वतःची चूक मोकळेपणाने सांगताहेत, हे मुलाने पाहिलं की बरंच काही आपोआप सोपं होईल.

दिरांच्या म्हणण्याचं काय? त्यांची काळजी रास्त आहे, पण त्यांनी हा खेळ खेळून पाहिलेला दिसत नाही. पँडेमिक जिंकायचा मार्ग एकच: चारही रोगांवर औषधं शोधायची. हरायचे मार्ग तीन: उद्रेक आठवर गेले, कुठल्याही एका रंगाचे ठोकळे संपले किंवा खेळाडूंच्या पत्त्यांची गड्डी संपली. तुमची मुलं वर्षभर कॅरम खेळून हरली नसती इतकी हा खेळ खेळून हरली असतील! फरक एवढाच, की इथे हरल्यावर शेजारी बसलेला माणूस जिंकलेला नसतो. मुलांना दोन्ही अनुभव हवेत. कॅरम माळ्यावर टाकू नका. दुहेरी कॅरममध्ये समोरचा भिडू असतोच, तिथे एकाच डावात सहकार्यही आहे आणि स्पर्धाही. दिरांना गणपतीत घरी आल्यावर पटाशी बसवा, एवढंच सुचवते.

आता तुमच्याबद्दल. मी पत्र पुन्हा वाचलं ते यासाठीच. यात मुलगा रडतो, मुलगी उठून जाते, बाबा सांगतात, आजी ऐकतात. तुम्ही कुठे आहात? तुम्ही सासूबाईंच्या शेजारी बसून पत्ते वाचून दाखवता. पँडेमिकच्या खोक्यावर २ ते ४ खेळाडू असं लिहिलेलं असतं. घरात माणसं पाच. पाचवं कोण, हे तुम्ही कुणालाही न विचारता ठरवून टाकलंत. संध्याकाळ तुमची कल्पना, खेळ तुम्ही मागवला, नियम बहुधा तुम्हीच वाचलेत, आणि खेळत मात्र नाही आहात. 'घराला एकत्र खेळता येत नाही का' असं तुम्ही विचारता, पण तुमचं घर अजून एकत्र खेळलेलंच नाही. चार जणं खेळलीत आणि तुम्ही व्यवस्था पाहिलीत. हे मला मनापासून बदलायला हवं आहे.

सासूबाईंसाठी सोपा उपाय आहे: भूमिकांच्या आणि घटनांच्या पत्त्यांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवा आणि मराठीत एका ओळीत लिहा. 'वैद्य: एका कृतीत त्या शहरातले एका रंगाचे सगळे ठोकळे उचला.' शहरांचे पत्ते रंगावरूनच ओळखता येतात. हे काम मुलीकडे द्या, तिच्या हातून ते चांगलं होईल. आणि आजी-नातू मिळून एक सोंगटी खेळले तर चौथी जागा तुमची. दोघांनी कुजबुजून ठरवायचं, बाकीच्यांनी ऐकायचं.

पण दर वेळी पँडेमिकच हवा, असं कुठे आहे? काही खेळांच्या रचनेतच अशी मेख आहे की एकाने सगळ्यांच्या वतीने खेळणं शक्यच होत नाही. त्यातले काही तर घरच्या वही-पेन्सिलीवर आणि पत्त्यांच्या कॅटवर होतात. बाहेरून आयात केलेले खेळ महाग पडतात, म्हणून मी ते आधी सांगते.

माझ्या मते तुम्ही सुरुवात शब्दांच्या खेळाने करावी. 'जस्ट वन' नावाचा खेळ आहे, २०१९ साली त्याला जर्मनीचा 'श्पील देस यारेस' हा वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार मिळाला. मूळ खेळ ३ ते ७ जणांचा, म्हणजे तुम्ही पाचही जण बसता. घरच्या घरी मराठीत करायचा तर चिठ्ठ्यांवर शब्द लिहून डब्यात टाका. एकाने डोळे मिटायचे. बाकीच्या चौघांनी चिठ्ठीतला शब्द पाहून, एकमेकांना न दाखवता, त्याची खूण म्हणून एकच शब्द कागदावर लिहायचा. मग कागद ताडून बघायचे. दोघांचा शब्द सारखा आला तर दोन्ही बाद. उरलेल्या खुणांवरून डोळे मिटलेल्याने ओळखायचं, संधी एकच.

समजा चिठ्ठीत 'पंढरपूर' आलं आणि ओळखायचंय मुलाला. बाबा लिहितात 'विठ्ठल'. मुलगीही लिहिते 'विठ्ठल'. दोन्ही गेले! तुमचं 'वारी' राहिलं आणि आजींचं 'बुक्का'. मुलाला बुक्का म्हणजे काय हेच माहीत नाही, वारीवरून तो 'आळंदी' म्हणतो आणि फेरी हुकते. मग आजी त्याला बुक्का म्हणजे काय ते सांगतील, आणि पुढच्या फेरीत लिहिण्याआधी त्यांच्या मनात येईल की नातवाला काय माहीत असेल. बाबांच्याही लक्षात येईल की सगळ्यांत उघड उत्तर लिहिलं की ते दुसऱ्याच्या उत्तरावर आपटतं. इथे कुणी कुणाला सांगू शकत नाही, कारण सांगितलं तर खेळच उरत नाही. आणि शब्दसंपत्तीच्या बाबतीत त्या खोलीतल्या सगळ्यांत श्रीमंत तुमच्या सासूबाई असणार आहेत. पँडेमिकमध्ये ज्या कोपऱ्यात बसल्या होत्या, त्यांच्याकडे सगळे वळून बघतील.

दुसरा खेळ पत्त्यांचा. सासूबाईंना मेंढीकोट येत असेल अशी माझी जवळजवळ खात्री आहे. हुकूम, हात करणं, आपल्या भिडूच्या हातावर दस्सा सोडणं, हे त्यांच्या पिढीला शिकवावं लागत नाही. तीच विद्या वापरून सगळ्यांनी एकाच बाजूने खेळायचा 'द क्रू' नावाचा जर्मन खेळ आहे. थॉमस सिंग यांनी रचलेला, २०१९ सालचा, त्यात सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या ५० मोहिमा आहेत. साध्या कॅटवर त्याच्याजवळ जाणारा डाव असा मांडता येतो: किलवर आणि चौकटची दुर्री काढून टाका, म्हणजे ५० पानं उरतात, पाच जणांना दहा-दहा. इस्पिक कायमचा हुकूम. इस्पिकचा एक्का ज्याच्याकडे तो पहिली उतारी करेल. बदाम, चौकट, किलवर यांतल्या पानांची नावं चिठ्ठ्यांवर लिहून ठेवा. एकाने एक चिठ्ठी काढायची. तिच्यावर जे पान असेल, ते ज्या हातात पडेल तो हात चिठ्ठी काढणाऱ्यानेच केला पाहिजे. केला तर सगळे जिंकले. हातातल्या पानांबद्दल बोलायचं नाही. फक्त प्रत्येकाला एका डावात एकदाच आपलं एक पान उघडं ठेवून सांगता येतं, की त्या रंगात हे माझं सगळ्यांत मोठं आहे, सगळ्यांत लहान आहे किंवा एकुलतं एक आहे.

मुलाने 'बदामची सत्ती' काढली असं धरा. ती आहे आजींकडे. तो बदामचा राजा समोर ठेवून म्हणतो, "हे माझं सगळ्यांत मोठं." मग उतारी त्याच्याकडे आली की तो राजाने उतारी करतो, आजी सत्ती सोडतात. बदामचा एक्का बाबांकडे आहे. त्यांनी तो मारला तर संपलंच सगळं. त्यांना तो दाबून ठेवून तिर्री टाकावी लागते, आणि हात मुलाचा होतो. त्या डावात बाबांची सगळ्यांत मोठी कामगिरी म्हणजे हातातला एक्का न टाकणं. एक चिठ्ठी जमली की दोन काढा, मग तीन, वेगवेगळ्या माणसांनी.

झटपट काही हवं असेल तर वोल्फगांग वार्श यांच्या 'द माइंड'चा गाभा घ्या: जाड कागदाच्या तुकड्यांवर १ ते १०० आकडे लिहा, प्रत्येकाला आधी एक, मग दोन, मग तीन वाटा, आणि न बोलता, खुणा न करता चढत्या क्रमाने टाका. पाळी अशी नाहीच. ज्याला वाटेल त्याने टाकायचं. मुलाला हा आवडेल.

पुढे कधी विकत घ्यायचाच झाला तर 'हानाबी' घ्या. आंत्वान बोझा यांचा हा पत्त्यांचा खेळ २०१३ साली त्याच जर्मन पुरस्काराचा मानकरी ठरला. यात पत्ते उलटे धरायचे: तुमची पानं सगळ्यांना दिसतात, तुम्हालाच दिसत नाहीत. पाच रंग, प्रत्येकात १ ते ५ क्रमाने लावायचे. दुसऱ्याला त्याच्या पानांचा फक्त रंग किंवा फक्त आकडा सांगता येतो, आणि अशा खुणांची शिल्लकही मोजकीच, आठ. पानांवर वाचायला अक्षरं नाहीत, त्यामुळे आजींनाही अडचण नाही. आणि स्वतःच्या हातात काय आहे हे ज्याला माहीत नाही, तो दुसऱ्यावर अवलंबूनच असतो, मग तो घरातला कर्ता का असेना.

मुलीबद्दल थोडं वेगळं लिहिते. ती १३ वर्षांची आहे. प्रत्येक सुटीच्या संध्याकाळी पाचही जणांनी बसलंच पाहिजे, ही तुमची इच्छा मला समजते, पण तिचं या वयात अधूनमधून 'नको' म्हणणं चालवून घ्या. सक्तीने बसवलेलं माणूस खेळत नाही. उलट तिला अधिकार द्या: या महिन्यात कुठला खेळ मांडायचा हे ती ठरवेल, नियम ती वाचेल आणि ती समजावेल. बाबा तिच्याकडून नियम ऐकताहेत, हे तिला हवं आहे. आणि बाप-लेकीचा वेगळा असा एखादा खेळ असू द्या. 'स्काय टीम' खास दोघांचाच आहे, २०२४ चा 'श्पील देस यारेस' त्याला मिळाला. एक वैमानिक, दुसरा सहवैमानिक. फासे टाकण्याआधी हवं तितकं बोला, टाकल्यावर तोंड बंद, आणि विमान दोघांनी मिळून उतरवायचं. बाबा कितीही हुशार असले तरी तिचे फासे तिलाच ठेवावे लागतात.

याच प्रकारची पत्रं इतर घरांतूनही येतात, त्यांच्यासाठी दोन शब्द. मूल तीन-चार वर्षांचं असेल तर यातलं काहीच नको. 'हाबा' या जर्मन कंपनीचा १९८६ सालापासूनचा फळबागेचा खेळ बघा: फासा टाकून झाडावरची फळं तोडायची, डोमकावळा पोचायच्या आत. वाचायला काही नाही आणि हरलं तर राग काढायला कावळा आहेच. आई किंवा बाबा एकटेच आणि मूल एकच असेल तर पँडेमिक दोघांतही चांगला रंगतो, फक्त मोठ्याने मुद्दाम एक पाऊल मागे राहायचं. ज्यांची माणसं परदेशी आहेत त्यांना वर सांगितलेला शब्दांचा खेळ व्हिडिओ कॉलवर जमतो. शब्द कागदावर लिहून सगळ्यांनी एकदम कॅमेऱ्यासमोर धरायचा. पुण्यातली आजी आणि मराठी जेमतेम बोलणारा परदेशातला नातू यांच्यात मला तर यापेक्षा चांगला खेळ माहीत नाही.

तर ताई, येत्या सुटीला पँडेमिकचं खोकं उघडूच नका. शब्दांच्या चिठ्ठ्या आदल्या दिवशी करून ठेवा, प्रत्येकाने दहा-दहा लिहाव्यात, म्हणजे डब्यात सगळ्यांचं काहीतरी पडेल. चहा-चिवडा खेळ संपल्यावर, आणि तो यांनी नाहीतर मुलीने करावा. तुम्ही पहिल्या फेरीपासून बसा आणि पहिले डोळे तुम्हीच मिटा. दोन-तीन सुट्या असं खेळून झालं की पँडेमिक काढा, चार एपिडेमिक पत्त्यांचा, झाकणाच्या आतल्या नियमासकट. तोवर मुलाने 'तो नको' म्हटलं तर आग्रह करू नका. खोकं कपाटात राहू दे. तो दहा वर्षांचा झाल्यावर कदाचित स्वतःच काढेल, नाही काढला तर त्याला आणि बाबांना कॅरमवर समोरासमोर भिडू म्हणून बसवा.